तीन कुलपांची पेटी

५ सप्टेंबर १५३८ रोजी इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशसाठी एक हुकूम निघाला. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने तो काढला होता. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपवलेला मुलूख. बहुधा एखादे गाव आणि त्याच्या वाड्या. हुकूम असा की, प्रत्येक पॅरिशने एक वही सुरू करावी, आठवडाभरात झालेले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने दर रविवारी चर्चच्या कारभाऱ्यांसमक्ष तीत मांडावीत, आणि ती दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी कारभाऱ्यांकडे. नोंद चुकली तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड. १६०३ च्या नियमांनी पेटीला तिसरे कुलूप लावले.

लोकांना हा हुकूम आवडला नाही. आता बारसे, लग्न आणि मयत यांवरही कर बसणार, अशी आवई त्याआधी दोन वर्षे उठलेलीच होती. पुढे खरोखर तसा कर बसलाही, पण दीडशे वर्षांनी. वही सुरू करणाऱ्यांच्या मनात इतिहास नव्हता. कोण कुणाचा वारस, कुणाचे वय किती, कोण कुणाशी रीतसर लग्न झालेला, हे वाद तोडायला सरकारला आणि चर्चला कागद हवा होता. पण त्यातून असे झाले की, ज्या माणसाने आयुष्यात जमीन विकत घेतली नाही, मृत्युपत्र केले नाही, कोर्टाची पायरी चढली नाही, त्याचेही नाव तीन ठिकाणी शाईने लिहिले गेले. शेतमजूर, मोलकरीण, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलेले मूल, या सगळ्यांचा या जगात असल्याचा एकमेव पुरावा पुष्कळदा ही एक ओळ असते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात पॅरिशच्या दप्तराला जे मोल आहे ते यासाठी.

नोंद काय सांगते, काय सांगत नाही

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. वहीत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नसतो, दफन असते. सोळाव्या शतकात बाळाचा बाप्तिस्मा दोन-चार दिवसांत उरकत, त्यामुळे फरक थोडा पडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तो महिना-दीड महिन्यावर गेला, आणि मधल्या काळात दगावलेले बाळ बाप्तिस्म्याच्या यादीत आलेच नाही. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या बाबतीत तर तारखेचा वयाशी काहीच संबंध उरत नाही. कवी नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा आणि बाप्तिस्मा १८९५ चा.

दुसरी गोष्ट वहीच्या वयाची. १५३८ च्या वह्या कागदी होत्या आणि ओल, उंदीर, निष्काळजीपणा यांनी त्या झपाट्याने खराब झाल्या. म्हणून १५९८ मध्ये आज्ञा झाली की, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढाव्यात, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या. हा ‘विशेषतः’ महागात पडला. कितीतरी पॅरिशमधल्या लेखकांनी तो सवलत म्हणून घेतला आणि १५५८ च्या आधीची वीस वर्षे नकलायची सोडून दिली. आज असंख्य वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात त्याचे कारण हे. याच सुमारास दरवर्षाच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे धाडण्याचा नियमही लागू झाला. मूळ वही जळाली, हरवली, तर ही प्रत कामी येते. दोन्ही हाताशी असतील तर ताडून पाहाव्यात, कारण कित्येकदा एकीत असलेले नाव दुसरीत नसते.

काळाप्रमाणे वहीची भाषा आणि बांधणीही बदलत गेली. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात अनेक ठिकाणी लेखणीच थांबली. १६५३ पासून काही वर्षे हे काम धर्मगुरूंकडून काढून गावाने निवडलेल्या साध्या माणसांकडे दिले होते, तेव्हा बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहीत. यादवी युद्धात गेलेली राजेशाही परतल्यावर पुन्हा जुनी रीत आली. १७३३ मध्ये लॅटिन अधिकृतपणे संपली. १७५४ पासून लग्नाच्या वहीत नवरा-नवरीची आणि साक्षीदारांची सही किंवा निशाणी सक्तीची झाली. १७८३ मध्ये पुन्हा कर बसला, प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स. गरिबांना माफी होती, म्हणून काही नावांपुढे गरिबीची खूण दिसते. ती खूण नेहमी खरी मानू नये, कारण दयाळू पाद्री ती सढळ हाताने करीत. १८१३ पासून छापील तक्त्यांची वही आली आणि बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण, मृताचे वय ही माहिती सर्वत्र एकसारखी मिळू लागली. १ जुलै १८३७ रोजी सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. त्यानंतर पॅरिशची वही चालू राहिली, पण एकमेव राहिली नाही.

एक घर जोडून पाहताना

सुटी ओळ फार थोडे सांगते. बोलक्या होतात त्या एकमेकींना जोडलेल्या ओळी. त्यासाठी सर्वांना ठाऊक असलेले एक घर घ्यावे. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गावच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेला एका मुलाचा बाप्तिस्मा आहे. लॅटिनमध्ये लिहिलेली छोटीशी ओळ: मुलाचे नाव विल्यम, बापाचे जॉन शेक्सपिअर. जन्मतारीख नाही. आईचे नावही नाही. लोक २३ एप्रिल हा जन्मदिवस मानतात, तो अंदाज आहे.

त्याच वहीतून या घरातली मुले क्रमाने काढली तर असा पट दिसतो. जोन, सप्टेंबर १५५८. मार्गारेट, डिसेंबर १५६२. तिचे दफन एप्रिल १५६३ मध्ये. विल्यम, एप्रिल १५६४. गिल्बर्ट, ऑक्टोबर १५६६. पुन्हा जोन, एप्रिल १५६९. अ‍ॅन, सप्टेंबर १५७१. ती १५७९ मध्ये गेली. रिचर्ड, मार्च १५७४. एडमंड, मे १५८०.

एवढ्या तारखांत बरेच काही दडले आहे. एकाच घरात दोन जोन. पहिल्या जोनच्या दफनाची नोंद सापडत नाही, तरी ती १५६९ च्या आत वारली असणार असे अभ्यासक धरतात, कारण गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला ठेवण्याची तिकडे रीत होती. नोंद नसलेला मृत्यू असा नावावरून हाती लागतो.

मग मुलांमधले अंतर पाहावे. विल्यम ते गिल्बर्ट सुमारे तीस महिने. गिल्बर्ट ते जोन तीस. जोन ते अ‍ॅन, अ‍ॅन ते रिचर्ड, पुन्हा तेवढेच. पण मार्गारेट ते विल्यम हे अंतर जेमतेम सतरा महिन्यांचे आहे. का? मार्गारेट पाच महिन्यांची होऊन गेली, आईचे अंगावर पाजणे थांबले आणि लवकर दिवस राहिले. मूल अंगावर पीत असताना सहसा पुढचे दिवस जात नाहीत, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांनाही ठाऊक होते. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या एका घरातली ही गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही. ती तारखांच्या वजाबाकीतून निघते. अर्थात एका घरावरून नियम बांधता येत नाही. हजारो घरांत तेच दिसले, तेव्हा तो नियम ठरला.

याच यादीत नवख्याला फसवणारी एक जागा आहे. रिचर्डच्या बाप्तिस्म्यापुढे वहीत वर्ष १५७३ आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे ११ मार्च हा दिवस जुन्याच वर्षात मोडे. आपल्या हिशेबाने ते साल १५७४. हे न कळता तारीख जशीच्या तशी उचलली तर अ‍ॅन आणि रिचर्ड यांच्यातले अंतर एक वर्षाने घटते आणि त्यावर उभारलेले सगळे तर्क कोसळतात. १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांतली प्रत्येक जुनी नोंद म्हणून दोन्ही सालांनी लिहायची असते: १५७३/७४.

पुढची पिढीही तितकीच बोलकी आहे. विल्यमच्या लग्नाची नोंद स्ट्रॅटफर्डच्या वहीत नाही. लग्न दुसरीकडे झाले असावे. हाती आहे तो नोव्हेंबर १५८२ चा वूस्टर इथला लग्नाच्या परवान्याचा जामीनकतबा. थोरली मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा मे १५८३ मध्ये झाला, म्हणजे लग्नानंतर सहा महिन्यांनी. त्या काळी इंग्लंडात सुमारे पाचांतली एक नवरी दिवस गेलेल्या अवस्थेत लग्नाला उभी राही, त्यामुळे गावाला यात फार वावगे वाटले नसावे. बायको अ‍ॅन हॅथवे हिचा बाप्तिस्मा सापडत नाही. १६२३ मध्ये ती वारली तेव्हा ६७ वर्षांची होती असे तिच्या थडग्यावर कोरले आहे. म्हणजे जन्म १५५६ च्या आसपास, आणि स्ट्रॅटफर्डची वही सुरू होते १५५८ पासून. दोन वर्षांनी हुकले.

१५८४/८५ च्या फेब्रुवारीत जुळ्यांचा बाप्तिस्मा आहे, हॅम्नेट आणि ज्युडिथ. ११ ऑगस्ट १५९६ या दिवशी हॅम्नेटचे दफन. अकरा वर्षांचा मुलगा कशाने गेला, ते वहीत नाही.

घरांकडून गावाकडे

असे एकेक घर जोडत संपूर्ण गाव उभे करण्याची शिस्तबद्ध पद्धत फ्रान्समध्ये तयार झाली. लुई आंरी या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मिशेल फ्लरी याच्यासह तिची पुस्तिका काढली आणि दोन वर्षांनी नॉर्मंडीतल्या क्रुले गावाचा अभ्यास एतिएन गोतिए याच्या जोडीने प्रसिद्ध केला. या पद्धतीला मराठीत कुटुंब-पुनर्रचना म्हणता येईल. काम किचकट आहे, पण समजायला सोपे. प्रत्येक बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची एकेक चिठ्ठी करायची. चिठ्ठ्या आडनावांनी लावायच्या. आडनाव पाच तऱ्हांनी लिहिलेले असले तर ती सगळी रूपे एकत्र आणायची. लग्नाच्या चिठ्ठीपासून घर सुरू करायचे, खाली मुले बसवायची, मग नवरा-बायकोचे बाप्तिस्मे मागे जाऊन शोधायचे आणि दफने पुढे जाऊन. घर पुरे झाले की लग्नाचे वय, मुलांची संख्या, दोन बाळंतपणांतले अंतर, बालमृत्यू हे सगळे मोजता येते.

इंग्लंडमध्ये हे काम पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या केंब्रिजच्या अभ्यासगटाने उचलले. डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावावरचा रिग्लीचा १९६६ चा लेख गाजला. या गावी १६४५–४६ मध्ये प्लेगने साधारण पाचवा हिस्सा माणसे नेली. त्यानंतर कित्येक वर्षे मुलींची लग्ने लांबली, सरासरी वय २७ वरून ३० च्या घरात गेले, आणि पस्तिशीनंतरची बाळंतपणे कमी झाली. लोक मुलांची संख्या जाणूनबुजून आवरत होते, असा रिग्लीचा निष्कर्ष. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण अडाणी शेतकरी निसर्गावर भार टाकून मुले होऊ देत असत, ही समजूत त्या एका गावाच्या चिठ्ठ्यांनी हलवली.

शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाचीही नाही, म्हणून त्या काळी मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत असतील असे वाचकाला सहज वाटते. लॅस्लेटने लग्नाच्या परवान्यांवरून आणि वह्यांवरून दाखवले की सामान्य घरातली नवरी चोविशी-पंचविशीची असे. त्या मापाने सव्वीस वर्षांची अ‍ॅन हॅथवे अगदी चारचौघींसारखी होती. जगावेगळा होता तो अठराव्या वर्षी बोहल्यावर चढलेला नवरा.

सगळ्या घरांची जुळणी करण्याइतका वेळ नसेल तर नुसत्या बेरजाही पुष्कळ सांगतात. केंब्रिजच्या गटासाठी गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी ४०४ पॅरिशच्या नोंदी महिनावार मोजून दिल्या. त्यांतून रिग्ली आणि रॉजर स्कोफिल्ड यांनी १९८१ मध्ये १५४१ ते १८७१ या काळातला इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास मांडला. पहिली खानेसुमारी १८०१ ची. त्याआधीच्या अडीच शतकांची लोकसंख्या कळू शकली ती पगार न घेता वह्या मोजत बसलेल्या या माणसांमुळे. १५४१ मध्ये इंग्लंडात अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसे होती, हा आकडा त्यांच्या मेहनतीचा आहे.

महिनावार बेरजेत संकटाची जातही ओळखू येते. दफने उन्हाळ्याअखेर उसळली आणि एकाच घरातली माणसे लागोपाठ गेली, तर प्लेगचा संशय घ्यावा. स्ट्रॅटफर्डच्या वहीत ११ जुलै १५६४ च्या दफनापुढे, साथ इथे सुरू झाली, असे लिहिलेलेच आहे. विल्यम तेव्हा अडीच महिन्यांचा होता आणि त्या वर्षी गावात दोनशेहून अधिक माणसे मेली. दुष्काळाची खूण वेगळी असते. दफने हिवाळ्या-वसंतात वाढतात आणि त्याच सुमारास गर्भधारणा घटतात, म्हणून पुढच्या वर्षी बाप्तिस्मे कमी होतात. उत्तरेकडच्या ग्रेस्टोक गावच्या १६२३ च्या वहीत तर अंदाज बांधायची गरजच उरत नाही. तिथल्या लेखकाने काही गरिबांच्या दफनापुढे, अन्नावाचून मेला, असे लिहून ठेवले आहे.

सह्यांचा उपयोगही असाच. १७५४ नंतरच्या लग्नांच्या वह्यांतल्या सह्या आणि फुल्या मोजून स्कोफिल्डने साक्षरतेचा अंदाज बांधला: अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे साठ टक्के नवरदेव सही करीत, नवऱ्या चाळीस टक्क्यांच्याही आत.

या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे. जोडता येतात ती गावात टिकून राहिलेली घरे. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थ गावच्या पाद्र्याने १६७६ आणि १६८८ मध्ये गावातल्या सगळ्या माणसांची यादी केली होती. बारा वर्षांत पहिल्या यादीतली साठ टक्के नावे नाहीशी झाली, आणि त्यांतली बहुतेक मृत्यूने नव्हे तर गाव सोडून गेल्यामुळे. जुना खेडूत जन्मला तिथेच मेला ही कल्पना तिथल्या तिथे निकालात निघते, पण त्याबरोबर अभ्यासकालाही धाक बसतो. क्वेकरांसारखे वेगळ्या पंथाचे लोक, ज्यू, भटके मजूर वहीत सहसा येत नाहीत, आणि कारखान्यांची शहरे फुगली तेव्हा पाद्र्यांना हिशेब ठेवणे जमले नाही.

पेटीतले बाकीचे कागद

या उणिवा थोड्याफार भरून निघतात त्या पेटीतल्याच इतर कागदांनी. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि १६६२ च्या कायद्याने कोण कुठल्या पॅरिशचा हे ठरू लागले. त्यामुळे एखाद्या मजुराला किंवा गरोदर विधवेला आपले गाव कोणते हे दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगावे लागे: कुठे जन्म, कुठे किती वर्षे चाकरी, लग्न कधी, मुले किती. हे जबाब म्हणजे निरक्षर माणसाची त्याच्याच तोंडची जीवनकथा. त्याशिवाय गरिबांना दिलेल्या पावांचा, बुटांचा, कफनाचा हिशेब असतो, अनाथ मुलांना कामाला लावल्याचे करार असतात. वहीतले नाव या कागदांत सापडले की ते चालू-बोलू लागते. कौटुंबिक इतिहास लिहिणारे बहुतेक जण वहीपाशीच थांबतात, ही मोठी चूक आहे.

गोवा, वसई, मुंबई

रोमन कॅथलिक जगात अशाच वह्यांना नियमाची चौकट १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दिली, आणि ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईत आली. इथल्या वह्या वाचण्याचे नियम वेगळे आहेत. भाषा बहुधा पोर्तुगीज. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे असतात, ती सोडून देऊ नयेत. धर्मांतरित घराचे आडनाव पुष्कळदा पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून आलेले असते. त्यामुळे दोन घरांचे आडनाव एक म्हणून रक्त एक असे धरता येत नाही, आणि एका भाऊबंदकीत दोन आडनावेही निघू शकतात. वसईच्या अभ्यासकाला १७३९ ची मराठ्यांची मोहीम ध्यानात ठेवावी लागते. त्या धामधुमीत चर्चच ओस पडले असेल तर वहीही तिथे तुटते. विसाव्या शतकातल्या कॅथलिक वहीची मात्र एक मोठी सोय आहे. १९०८ पासूनच्या नियमाने लग्न झाले की त्याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करतात, मग ते लग्न कुठल्याही पॅरिशमध्ये झालेले असो. गाव सोडून गेलेल्या माणसाचा माग समासातच लागतो.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडातल्या जुन्या वह्याही १९७८ च्या नियमानंतर बहुतांशी जिल्ह्याच्या अभिलेखागारांत गेल्या आणि तिथे त्यांची छायाचित्रे झाली. गोव्यातल्या काही जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेखागारात पोचल्या. पण आपल्याकडे कितीतरी चर्चांत त्या अजून कपाटातच आहेत, आणि कोकणातली हवा कागदाला मानवत नाही. वाळवी आणि ओल यांना कुलूप अडवत नाही.

ज्यांच्या घराचा धागा अशा एखाद्या चर्चपर्यंत जातो, त्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावे, गाव आणि सणांच्या आठवणी टिपून घ्याव्यात. सगळ्यांत अलीकडच्या लग्नापासून मागे जावे. एकदम दोनशे वर्षे मागे उडी मारू नये. फादरांची परवानगी घेऊन, पान न मोडता, उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा आणि त्याची एक प्रत चर्चला द्यावी. उतारा काढताना अक्षर जसे दिसते तसेच लिहावे, दुरुस्त करू नये. आणि प्रत्येक नावापुढे चर्च, वही आणि पानाचा आकडा न चुकता टाकावा, म्हणजे तीस वर्षांनी दुसरा कुणी आला तर त्याला तेच पान उघडता येईल.